नदीकाठच्या मोटारीची केबल आणि पेटी वारंवार चोरीला जाते? तपासण्यांचा क्रम

भोगावती, कासारी, कुंभी, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, वारणा. कोल्हापूर जिल्ह्यात नदी कुठलीही घ्या, काठाला मोटारी रांगेनं बसलेल्या असतात आणि तक्रार एकच असते. केबल गेली, नवी टाकली, थोड्याच दिवसांत तीही गेली. नवी केबल टाकली की पाणी सुरू होतं, पण दुरुस्ती झालेली नसते. चोरी ज्या कारणानं त्या जागी सोपी झाली ते कारण तिथंच राहतं, आणि आता तर तिथं कोरं तांबं आहे हेही चोराला माहीत असतं.

आधी चोराचा हिशेब समजून घ्या. ४ चौरस मिमीच्या तीन कोअर तांब्याच्या केबलमध्ये १०० मीटरला पावणेअकरा किलोच्या आसपास शुद्ध तांबं असतं. मोटार स्टार-डेल्टा पेटीवर (मोटारीकडं सहा वायरी नेणाऱ्या स्टार्टरवर) असेल तर केबलच्या दोन ओळी जातात, म्हणजे माल दुप्पट. हे तांबं न्यायला त्याला तीन गोष्टी लागतात: लाइट नसलेली वेळ, सलग ओढून घेता येईल अशी उघडी केबल, आणि तासभर कुणी फिरकणार नाही याची खात्री. यातली कुठली गोष्ट तुमच्या जागेवर त्याला आयती मिळते ते शोधणं हेच खालच्या सगळ्या तपासण्यांचं काम. तपासण्या फुकटातल्या आधी आणि खर्चाच्या नंतर आहेत. क्रम मोडून थेट कॅमेरा आणायला जाऊ नका.

लक्षणं

पाळीची लाइट आली, बटण दाबलं आणि मोटार उठली नाही, तर दरवेळी चोरीच असेल असं नाही. पेटीसमोर उभं राहून एवढं बघा.

- तिन्ही दिवे लागतात, कॉन्टॅक्टर खटकन ओढतो, पण अँपिअर मीटरचा काटा शून्यावरून हलत नाही. पेटी ते मोटार ही केबल तुटली आहे किंवा गेली आहे.
- दिवे तिन्ही आहेत, मोटार गुरगुरते, फिरत नाही आणि ओव्हरलोड पडतो. एक फेज मोटारीपर्यंत पोहोचत नाही. कुणाची तरी चाहूल लागली की चोर करवत अर्ध्यावर सोडून पळतो, तेव्हा हेच दिसतं. फक्त व्होल्टेज बघणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर पेटीच्या पुढचा तुटलेला फेज पकडत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, वाइंडिंग जळेल.
- तुमच्या पेटीत एकही दिवा नाही, शेजाऱ्याच्या पेटीत आहे. मीटरपासून पेटीपर्यंतची वायर किंवा किटकॅट (फ्यूज) गेले.
- शेजारीही लाइट नाही. वेळापत्रक, डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज किंवा खुद्द डीपी. हा विषय महावितरणचा.
- मोटार फिरते, पाणी चढत नाही. फूटव्हॉल्व्ह, प्रायमिंगचा पितळी नट किंवा सक्शनचा तुकडा गेलेला असू शकतो. मोटार लगेच बंद करा, कोरडी फिरली तर सील जातं.
- सगळं नेहमीसारखं चालतं, पण अर्थिंगची वायर जागेवर नाही.

शेवटचं लक्षण सगळ्यांत घातक आहे, कारण ते लक्षण म्हणून दिसतच नाही. अर्थिंगची वायर गेली तरी मोटार पाणी ओढत राहते. पुढं कधी वाइंडिंगचं इन्सुलेशन फाटलं की करंट मोटारीच्या अंगावर उतरतो, आणि ओल्या पायानं पंपाला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततं. पेटी उघडण्याआधी अर्थिंगच्या वायरीकडं नजर टाकायची सवय घरातल्या प्रत्येकाला आणि पाणी पाजणाऱ्या गड्यालाही लावा.

उंदरानं कुरतडलेली केबल आणि कापलेली केबल यात गल्लत होते. उंदीर वरचं आवरण खातो, तांबं जागेवर राहतं आणि कडेला दातांच्या खुणा दिसतात. चोरीत दोन्ही टोकं सरळ कापलेली असतात आणि मधला तुकडा नाहीसा असतो. जवळच्या उसाच्या फडात किंवा ओढ्यात जळलेल्या प्लास्टिकचा काळा थर, सोललेल्या आवरणाच्या लांब पट्ट्या सापडल्या तर माल तिथंच सोलला गेला. त्या जागेचे फोटो काढा आणि तिथं पाय देऊ नका.

हात लावण्याआधी

तुटलेल्या टोकात करंट असू शकतो. मेन स्विच बंद करा, किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवा. पेटीला ऑटो स्विच असेल तर तो आधी बंद करा. लाइट येताच ऑटो आपोआप पेटी ओढतो आणि तुमच्या हातातलं टोक जिवंत होतं. टेस्टर आधी चालू लाइटवर लावून तो खरंच चालतो याची खात्री करा, मग तुटलेली तिन्ही टोकं तपासा. काठावर चिखल असेल तर कोरडी फळी किंवा रबरी बूट घेतल्याशिवाय खाली उतरू नका.

१. वेळ कुठली होती?

याला एक रुपयाही लागत नाही. शेतीच्या थ्री फेज लाइटची पाळी दिवसाची की रात्रीची, हे त्या फिडरवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणजे केबल बेधडक कधी कापता येते हेही सगळ्यांना ठाऊक असतं. तुमच्याकडच्या आणि शेजारच्या मागच्या चोऱ्यांच्या तारखा एका कागदावर लिहा आणि शेजारी त्या दिवशी लाइट कधी होती ते लिहा. बहुतेक वेळा लाइट नसलेले तासच पुढं येतात.

त्याच कागदावर आणखी तीन काळ तपासा. पहिला, उपसाबंदीचे, म्हणजे नदीतून पाणी उपसायला मनाई असते ते दिवस: मोटारी बंद, काठावर माणूस नाही आणि हे जाहीरही झालेलं. दुसरा, पावसाळ्याची सुरुवात: उसाला पाणी लागत नाही, कुणी महिनाभर मळीत (नदीकाठच्या रानात) उतरत नाही, चोरी कळते ती थेट दसऱ्यानंतर. तिसरा काळ पुराचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी चढायला लागलं की सगळे घाईनं मोटारी, पेट्या, केबलची वेटोळी वर काढतात आणि पाणंदीच्या कडेला, डीपीखाली किंवा एखाद्या उघड्या शेडमध्ये ढीग लावून घराकडं पळतात. तयार बांधलेलं वेटोळं उचलायला चोराला पाच मिनिटंही लागत नाहीत. म्हणून पुरात वर काढलेलं सामान त्याच दिवशी घरी किंवा गोठ्यात गेलं पाहिजे. ट्रॅक्टर मिळेना तर निदान केबल आणि पेटी तरी न्या. जड मोटार एकट्या माणसाला पळवता येत नाही, केबल येते.

२. उघडी आणि जादा केबल किती आहे?

पेटीपासून पाण्यापर्यंत चालत जा आणि पायवाटेवरून केबल कुठंकुठं दिसते ते मोजा. पुढं लागेल म्हणून पेटीखाली गुंडाळून ठेवलेली दहा-वीस मीटर केबल हे चोराला दिलेलं आमंत्रण आहे. जादा केबल कापून घरी ठेवा. जोड वाढेल ही भीती खरी असली तरी कोरड्या जागी नीट केलेला एक जोड परवडतो.

केबल झाडाच्या फांदीवरून किंवा काट्याकुट्यातून नुसती टाकली असेल तर एका टोकाला कापून दुचाकीला बांधली की सगळी सरसर निघून येते. ती जागोजागी अडकवलेली असेल तर प्रत्येक ठिकाणी पुन्हा कापावं लागतं, लहान तुकडे होतात आणि वेळ जातो. आत्ता खर्च करायचा नसेल तर निदान दर पाच मीटरला केबल खुंटीला जाड जीआय तारेनं बांधा. तार केबलच्या आवरणात रुतू नये म्हणून मध्ये जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा घाला.

३. खूण आणि कागद

शे-दोनशे रुपयांत होणारं हे काम जवळजवळ कुणी करत नाही. केबलवर दर मीटरला गाव आणि गट नंबर ऑइल पेंटनं लिहा, किंवा तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकानं आवरणावर हलकेच उमटवा. खोल गेलं तर पाणी शिरेल. ही खूण तांब्यावर राहत नाही, आवरण जाळलं की गेली. तरीही उपयोग आहे: खुणेची केबल अख्खी विकता येत नाही, ती सोलावीच लागते, आणि सोलायला वेळ, जागा आणि धूर लागतो.

मोटारीची खूण मात्र कायमची करता येते. नंबर पंचचा संच आणि हातोडा घ्या आणि मोनोब्लॉकच्या (मोटार आणि पंप एकत्र असलेल्या संचाच्या) बिडाच्या पायावर खूण ठोका. कंपनीच्या पत्र्याच्या पट्टीवर ठोकू नका, ती दोन रिव्हेटवर बसलेली असते आणि पहिली तीच निघते. बेअरिंगच्या कव्हरवर किंवा कुलिंगच्या पात्यांवर घाव घातला तर बीड तडकतं. सबमर्सिबलच्या पातळ स्टीलच्या नळीवर पंच अजिबात मारायचा नाही, तिथं एन्ग्रेव्हरनं वरवर कोरा. पेटीच्या आतल्या चॅनलवरही तीच खूण करा.

मोटारीच्या पट्टीचा, पेटीच्या सिरियल नंबरचा आणि केबलच्या पक्क्या बिलाचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा. बिलाला इतकं महत्त्व का, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे आणि पाच हजार रुपयांच्या आतली चोरी त्यात अदखलपात्र धरली जाते. बिल नसेल आणि तुम्ही अंदाजानं 'असंल तीन-चार हजाराचा माल' असं सांगून बसलात, तर पोलीस तपासाची वाट तिथंच अडते. केबल, जोडणीची मजुरी, फुटलेली पेटी यांचा खरा हिशेब कागदावर घेऊनच ठाण्यात जा.

४. काढून नेता येईल ते काढून न्या

महिनाभर मोटार चालणार नसेल तर पेटी काठावर कशाला? अडचण एवढीच की दरवेळी वायरी सोडायच्या, पुन्हा जोडायच्या, त्यात फेज बदलतात आणि पंप उलटा फिरतो. त्यावर उपाय म्हणजे ३२ अँपिअरचा थ्री फेज इंडस्ट्रियल प्लग आणि सॉकेट. एक जोडी पेटीच्या येणाऱ्या बाजूला आणि एक मोटारीच्या बाजूला बसवली की पेटी दोन मिनिटांत सुटते, आणि परत लावताना फेजचा क्रम तोच राहतो. अर्थची पिन असलेलाच प्लग घ्या. वीज जिकडून येते तिकडं सॉकेट आणि जिकडं जाते तिकडं प्लग, हा नियम पाळा. उलटं बसवलं तर उघड्या पिनांवर ४१५ व्होल्ट राहतात. प्लग नेहमी मेन बंद करूनच काढायचा. ५ आणि ७.५ एचपीच्या डीओएल (मोटार थेट चालू करणाऱ्या) पेटीला हे छान जमतं. स्टार-डेल्टाला मोटारीकडं सहा वायरी जातात, तिथं हा खटाटोप नको, पेटी जागेवरच पक्की करा.

५. पेटी, कुलूप आणि पाया

बाजारातली पेटी पातळ पत्र्याची असते, पहार घातली की दार उघडतं. शिवाजी उद्यमनगरात किंवा गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ३ मिमी पत्र्याची बाहेरची पेटी करून घ्या आणि मूळ पेटी तिच्या आत बसवा. सांगताना एवढं नक्की सांगा: बिजागरी आतून, कुलपाची कडी दिसू नये म्हणून तिच्याभोवती जाड पाइपचा तुकडा वेल्ड केलेला, आणि दाराला आतून दोन ठिकाणी अडकणारा दांडा. कुलूप कितीही महागाचं घेतलं आणि कडी उघडी राहिली, तर ती करवतीनं कापली जाते आणि कुलूप तिच्यासकट खाली पडतं.

हवा खेळायला दोन्ही बाजूंना खाली तोंड असलेल्या झडपा आणि त्यांना आतून जाळी हवी. ही गोष्ट हमखास विसरली जाते. बंद पेटीत एप्रिलच्या उन्हात ओव्हरलोड रिले तापतो आणि मोटारीत काही दोष नसताना पडत राहतो. मग वैतागून माणूस दार उघडं ठेवतो आणि सगळा खर्च पाण्यात जातो.

पाया काँक्रीटचा. १२ मिमीचे, खालून वळवलेले बोल्ट दीड फूट खोल घ्या, मिश्रण १:२:४. पेटी बसवल्यावर नटांना बोल्टवरच वेल्डचा ठिपका द्या. वेल्डिंगच्या वेळी आतली मूळ पेटी बाहेर काढलेली असावी आणि मेन बंद असावा, नाहीतर वेल्डिंगचा करंट कॉइल आणि मोबाइल स्टार्टरची (मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणाऱ्या यंत्राची) पाटी जाळून टाकतो. जागा निवडताना २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा बघा. त्या पातळीच्या वर जागा मिळत असेल तर केबल थोडी लांबली तरी चालेल.

६. पाण्याबाहेर तांबं हवंच कशाला?

वरच्या तपासण्यांनी चोराचा वेळ वाढतो, ही त्याचा नफाच काढून घेते. सबमर्सिबल मोटारीला पाण्यात तांब्याची चपटी केबल लागतेच, पण काठावर आल्यानंतरचा लांब टप्पा आर्मर्ड ॲल्युमिनियमचा करता येतो. ६ चौरस मिमी ॲल्युमिनियमचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम, आणि ४ चौरस मिमी तांब्याचाही तेवढाच. ६ चौरस मिमी तांब्याच्या जागी १० चौरस मिमी ॲल्युमिनियम. म्हणजे एक माप वर जायचं, मोटारीला व्होल्टेज पहिल्याइतकंच मिळतं. ॲल्युमिनियमला भंगारात भाव तांब्याच्या मानानं फारच कमी आणि वर पोलादी तारांचं चिलखत, त्यामुळं रात्री कापून, सोलून नेणं परवडत नाही.

चूक होते ती जोडावर. तांबं आणि ॲल्युमिनियम नुसते पिळून टेप मारली तर ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजतं, जोड सैल होऊन तापतो आणि एक फेज जातो. बायमेटॅलिक लग दाबून बसवा, आणि जोड काठावरच्या बंद जंक्शन बॉक्समध्ये, पुराच्या नेहमीच्या पातळीच्या वर ठेवा. चिलखत दोन्ही टोकांना ग्लँडनं पकडून अर्थला जोडलं पाहिजे.

७. केबल जमिनीत

खर्च आणि मेहनत इथून वाढते, पण एकदा नीट झालं की वर्षानुवर्षं बघायला लागत नाही. कमी दाबाच्या केबलसाठी मानक खोली ७५ सेमी आहे, म्हणजे अडीच फूट. उसाच्या रानात हे कटाक्षानं पाळा, कारण साधा नांगर फूटभर जातो आणि सबसॉइलर त्याहून बराच खोल. शक्य तिथं चर रानातून न काढता बांधाच्या कडेनं काढा आणि कुठून गेला त्याचा साधा नकाशा मीटरच्या अंतरांसह लिहून ठेवा.

चराच्या तळाशी तीन इंच वाळू, त्यावर आर्मर्ड केबल, पुन्हा तीन इंच वाळू, वर विटांची ओळ, मग माती. चपटी सबमर्सिबल केबल अशी थेट पुरायची नाही, खडे आवरण फाडतात. ती पुरायचीच असेल तर एचडीपीई पाइपातून न्या.

पाइपातल्या केबलची एक खोड आहे: टोक मोकळं असेल तर पाइप सरळ असल्यामुळं केबल उलट अधिक सहज ओढली जाते. म्हणून दोन्ही टोकांना, आणि मध्ये दर वीसेक मीटरला, केबलला वळण देऊन ती क्लॅम्पनं काँक्रीटच्या ठोकळ्यात पकडा. पाइपचं तोंड सिमेंटनं बुजवा, उंदीरही त्यामुळं बाहेर राहतात. नदीच्या उतारावर मात्र एक मीटरभर ढील जमिनीखालीच गोलाकार सोडा. मळीची कड पुरानंतर खचते आणि ताणून घातलेली केबल तेव्हा मोटारीच्या टर्मिनलमधून उपटते.

८. गजर

मोबाइल स्टार्टर आहे म्हणजे चोरी झाली की मेसेज येईल, हा समज फार पसरला आहे. स्टार्टर बघतो ती येणारी लाइट. बॅटरी नसलेला स्टार्टर लाइट गेली की झोपतो, आणि बॅटरी असलेला 'लाइट गेली' एवढंच कळवतो. मोटारीकडं जाणारी केबल बंद मोटारीच्या वेळी कापली तर त्याला काहीच कळत नाही.

उपाय म्हणजे वेगळी पहारा-वायर. केबलसोबत बारीक दोन कोअर वायर बांधायची, दूरच्या टोकाला तिची दोन्ही टोकं जोडायची आणि पेटीत १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक रिले तिच्यातून ओढलेला ठेवायचा. वायर तुटली की रिले सुटतो आणि हूटर वाजतो. रिले स्वतःच्याच संपर्कातून धरलेला असावा आणि पुन्हा चालू करायला बटण पेटीच्या आत असावं, म्हणजे चोरानं वायर परत जोडली तरी हूटर थांबत नाही. साधा रिले ३० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे दिवसाला पाऊण अँपिअर-तास. ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि १० वॉटचं सोलर पॅनल त्याला पुरतं, आठवडाभर आभाळ राहिलं तरी. हूटरला दहा मिनिटांचा टायमर लावा, नाहीतर एका खोट्या गजरात बॅटरी रिकामी. पॅनल हाताला लागेल असं ठेवू नका.

पहारा-वायर म्हणून मोटारीच्या केबलचेच कोअर वापरायचा मोह होतो. तो टाळा. मोटार चालू झाली की ४१५ व्होल्ट थेट गजराच्या पाटीत आणि तिथून हात लावणाऱ्याच्या अंगात येतील.

आणि पेटीला, कुंपणाला किंवा केबलला मुद्दाम करंट सोडायचा नाही. रात्री तिथं पोहोचणारा चोरच असेल असं नाही. मेंढपाळाचं पोर, ऊसतोडीच्या टोळीतली बाई, तुमचाच गडी. माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

९. रांगेतल्या सगळ्यांनी मिळून

आठ-दहा मोटारी एका ठिकाणी असतील तर एकट्यानं भक्कम पेटी करून चोर शेजारी सरकतो, पुढच्या वेळी परत येतो. पाणीपुरवठा संस्था असेल तर जॅकवेलवर (नदीकाठच्या उपसा विहिरीवर) पक्की खोली असतेच. खासगी मोटारींनीही खर्च वाटून एक सामाईक शेड, एक सोलर दिवा, सिमवर चालणारा एक कॅमेरा आणि एक हूटर घेतला तर माणशी भार बराच हलका होतो. कॅमेरा पेटीकडं नाही, पाणंदीच्या तोंडाकडं रोखा. काठावर चेहरा झाकता येतो, पण केबल न्यायला गाडी लागते आणि गाडी पाणंदीतूनच जाते. उपसाबंदीत आणि पावसाळ्याच्या तोंडावर रोज एकानं चक्कर मारायची पाळी लावा आणि पोलीस पाटलांना ती यादी द्या.

स्वस्तात जुनी केबल मिळते म्हणून घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि आपल्याच काठावरची बाजारपेठ आपणच चालवल्यासारखं होतं.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

खांबापासून मीटरपर्यंतची वायर तुटली, डीपी उघडी पडली, तिच्यातलं तेल किंवा वाइंडिंग गेलं, तार लोंबकळते आहे: जवळ जाऊ नका, खांबावर चढू नका, १९१२ वर किंवा तुमच्या शाखेच्या वायरमनला कळवा. वीजवाहिनी आणि साहित्याच्या चोरीला विद्युत कायदा २००३ चं कलम १३६ लागतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार देताना ते कलम आवर्जून सांगा.

चोर अजून तिथं आहे अशी शंका आली तर एकट्यानं उतरू नका. ११२ लावा, चार माणसं गोळा करा, दुरून दिवा टाका. कोयता आणि करवत त्यांच्या हातात असते.

चोरी उघड झाल्यावर नवी केबल टाकण्याआधी पोलिसांना जागा दाखवा. गुन्हा नोंदल्यावर एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घ्या. पंपसेटचा विमा असेल तर ती प्रत, बिल आणि फोटो लागतात. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

केबल ओढून नेली असेल तर मोटार तपासल्याशिवाय नवी जोडू नका. ओढताना टर्मिनल बॉक्स तडकतो, सबमर्सिबलची ग्लँड सैल होऊन पाणी शिरतं. घरच्या मल्टिमीटरनं एवढं बघता येतं की तिन्ही वाइंडिंगचा रोध सारखा आहे का. पुढचं काम ५०० व्होल्टच्या मेगरचं (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राचं), म्हणजे परवानाधारक वायरमनचं किंवा रिवाइंडिंगवाल्याचं. वाइंडिंग आणि मोटारीचं अंग यांच्यातलं इन्सुलेशन १ मेगाओहमच्या खाली दाखवलं तर मोटार बाहेर काढायची.

अर्थिंग चोरीला गेलं असेल तर नवं अर्थ आणि त्याची मोजणीही त्याच्याकडूनच करून घ्या. तांब्याची पट्टी पुन्हा घालू नका. अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप आणि ८ नंबरची जीआय वायर चालते, आणि ती भंगारात कुणी नेत नाही. वायरीचा जमिनीवरचा भाग पाइपातून नेऊन पायाच्या काँक्रीटमध्ये घ्या, पण पेटीजवळचा जोड बघता येईल असा उघडा ठेवा.

केबल किंवा दोर कापल्यामुळं सबमर्सिबल नदीत सुटली असेल तर बुडी मारून काढायचा प्रयत्न करू नका. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पाणी शांत दिसतं, पण तळाला गाळ आणि बरग्यांच्या (बंधाऱ्यात बसवलेल्या फळ्यांच्या) फटींतून ओढ असते. आधी पुरवठा खांबावरून तोडून घ्या, मग क्रेन किंवा चेनपुली असलेली पंप काढणारी टोळी बोलवा.